कडीला अडकवलेली पिशवी

मास्तरांच्या कोटाला डाव्या बाजूला आतून एक चोरखिसा होता. चाळीस वर्षं लोकांचे कोट शिवले, पण स्वतःच्या कोटाला जादाचं काही केलं ते एवढंच. खिसा फोनच्या मापाचा होता. त्यांच्या स्वतःच्या फोनच्या नव्हे, घड्याळजींच्या. आता घड्याळजी जाऊन नऊ दिवस झाले होते आणि खिसा रिकामा होता. तरी सकाळी कोट अंगात घातला की डावा खांदा खाली ओढल्यासारखा व्हायचा.

हे सगळं सुरू झालं ते दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंमुळे. म्हातारी माणसं एकेकटी घरात बसून गंजतात, म्हणून त्यांनी चौघांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. चौघं म्हणजे शिंपीकाम सोडलेले मास्तर, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, एक निवृत्त नर्सबाई आणि एक निवृत्त पोस्टमन. फोनच्या पडद्यावर एक नदी होती, नदीवर अर्धवट पूल आणि अलीकडच्या काठावर चार छोटी माणसं. सकाळी आठच्या आत प्रत्येकाची तीन हजार पावलं झाली की पुलाला एक फळी लागायची. तिघांची झाली आणि एकाचं राहिलं, तर त्या दिवशी फळी नाही. घरच्या एका माणसाला ही पावलं लांबूनही दिसतील, अशी सोय होती.

पोस्टमन पहिल्याच दिवशी म्हणाला, जन्मभर चाललो ते पत्र पोचवायला, आता रिकाम्या हातानं चालायचं म्हणजे घोड्यानं गाडीशिवाय धावायचं. पण चालू लागले सगळे. पुलाचा नाद लागला. नर्सबाईंचा गुडघा सुजला तेव्हा चौघांनी मिळून एक पळवाट काढली. आजारी माणसाचा फोन दुसऱ्यानं खिशात घालून फिरवून आणायचा. फोनला काय कळतंय पाय कुणाचे ते. नर्सबाईंचा फोन पोस्टमननं चार दिवस फिरवला आणि चार फळ्या वाचवल्या. सगळे पोरासारखे हसले होते तेव्हा.

पुढे घड्याळजींना धाप लागायला लागली. त्यांचा डावा पाय तसाही जरा घासत पडायचा. चालताना एक पाऊल वाजायचं आणि एक सरपटायचं. आता जिना उतरणंही होईना. त्यांनी मास्तरांना घरी बोलावलं आणि म्हणाले, "मास्तर, माझा फोन तू फिरव. पुलासाठी नाही. पोरगी रोज बघते. आकडा दिसला नाही तर नोकरी टाकून येईल."

मुलगी एका दिवसाच्या अंतरावर शाळेत शिकवत होती. मास्तर म्हणाले, येईना का, बापच आहेस. घड्याळजी म्हणाले, बरं वाटलं की मीच बोलावतो. नाही म्हणायला मास्तरांची जीभ उचलली नाही, कारण चाळीस वर्षांत या माणसानं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

मग तसं ठरून गेलं. घड्याळजी रात्री फोन कापडी पिशवीत घालून दाराच्या कडीला बाहेरून अडकवायचे. मास्तर सहाला यायचे, फोन चोरखिशात घालायचे, कालव्याच्या कडेनं जाऊन साडेसातला परत यायचे. पिशवी कडीला लावायची आणि दाराकडे तोंड करून म्हणायचं, "झालं रे." दार वाजवायचं नाही. पहाटे कुठे त्याचा डोळा लागतो, कशाला उठवा. असे एकवीस दिवस गेले.

एकविसाव्या दिवशीही मास्तर "झालं रे" म्हणाले आणि घरी जाऊन चहा करत बसले. दहाला शेजारीण धावत आली. घड्याळजी खुर्चीतच होते. डॉक्टर आले, अंगाला हात लावला आणि जिन्यात मास्तरांना हळूच म्हणाले की पाच-सहा तास तरी झाले असतील. मास्तरांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. मग तो मोडला आणि पुन्हा मांडला. उत्तर तेच आलं. ते पिशवी काढत होते तेव्हा दाराच्या आत माणूस संपलेला होता. मेलेल्या माणसाची तीन हजार पावलं ते छातीशी धरून चालले होते, आणि वर त्याला सांगून आले होते की झालं.

संध्याकाळी मुलगी आली. रडून झाल्यावर मास्तरांचा हात धरून म्हणाली, "काका, शेवटच्या दिवशीसुद्धा बाबा चालून आले. तेवढंच बरं वाटतं मला." मास्तरांच्या तोंडाला कुलूप लागलं, ते लागलंच.

उरलेले तिघं चालत राहिले. ॲपमधून घड्याळजींचं नाव काढायला कुणाचा हात धजेना, म्हणून फळीही लागेना. पडद्यावर तिघं माणसं पुलाच्या टोकाशी यायची आणि चौथं मागे काठावर उभं राहायचं. मास्तर फोन उघडत तेव्हा ते चौथं माणूस त्यांच्याकडेच बघतंय असं वाटे. कालव्याच्या कडेनं जाताना मागून आवाज यायचा. एक पाऊल वाजलेलं, एक सरपटलेलं. वळून पाहिलं तर वाळका पाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मास्तरांच्या मनात तर लख्ख पौर्णिमा पडली होती.

आणि आता, नवव्या दिवशी, बाकावर बसून नर्सबाईंनी फोन उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काठावरचं चौथं माणूस हललं होतं. घड्याळजींच्या नावापुढे चारशे बारा पावलं होती. बघता बघता चारशे वीस झाली.

पोस्टमननं हसायचा प्रयत्न केला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नाही." कुणी हसलं नाही. नर्सबाई म्हणाल्या, कुणीतरी घरात फोन हाताळत असेल. पण आकडा चालत्या माणसाच्या चालीनं वाढत होता. मास्तर उठले आणि निघाले.

त्यांचे पाय रोजच्या सवयीनं त्यांना घेऊन गेले ते त्यांच्या बंद दुकानापुढे. इथे ते रोज वीस मिनिटं उभे राहत. कुणाला सांगितलं नव्हतं. याच दुकानात मास्तर मशीनवर आणि बायको दाराशी काजं-बटणं करत, असं आयुष्य गेलं होतं. ती गेल्यावर त्यांनी शटर ओढलं, ते पुन्हा वर केलं नाही. शटरच्या फटीतून आतला काळोख दिसायचा. तेवढं बघायला ते यायचे.

आज धुकं होतं. आणि शटरपुढे कुणीतरी उभं होतं, पाठमोरं, गळ्याला घड्याळजींचा करडा मफलर. भिंतीला हात टेकून मास्तर म्हणाले, "घड्याळ्या?"

पाठमोरं माणूस वळलं. मुलगी होती. हातात बापाचा फोन.

ती म्हणाली, फोन बंद करवत नाही. रात्री त्यात नकाशा सापडला. बाबा रोज कुठून कुठे गेले त्याची रेघ आहे. वाटलं, आपण कधी त्यांच्याबरोबर चाललो नाही, निदान रेघेवरून तरी चालू. कालव्यापासून इथवर आले. मग तिनं शटरकडे पाहिलं.

"काका, रेघ इथे थांबते. रोज वीस मिनिटं. बाबा तुमच्या दुकानापुढे काय करायचे?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. दोस्ताच्या दुकानाची आठवण काढत असेल, एवढं म्हटलं असतं तर ती तेवढ्यावर जन्मभर समाधानी राहिली असती. वाक्य मास्तरांच्या ओठावर आलंही. पण मग ही पोरगी रोज इथे येणार, मफलर गुंडाळून उभी राहणार, आणि ज्या वाटेनं तिचा बाप गेलाच नाही त्या वाटेवर त्याला शोधत फिरणार. भूत होऊन फिरायची वेळ मेलेल्यावर नाही, हिच्यावर येणार.

"इथे तो नाही थांबायचा," मास्तर म्हणाले. "मी थांबायचो."

आणि कोटाचं डावं पान उलटून त्यांनी खिसा दाखवला. बाकीचं सगळं ते खाली मान घालून बोलले. धाप, पिशवी, एकवीस दिवस. बापानं सांगितलं होतं हेही सांगितलं, पण त्याच्या आड लपले नाहीत. शेवटी डॉक्टर जिन्यात काय म्हणाले तेही. "दार वाजवलं नाही मी. एकदाही नाही."

तिनं फोनवरची रेघ पुन्हा पाहिली.

"म्हणजे आज मी तुमच्या मागे चालत आले," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी आले असते, काका. पहिल्याच दिवशी आले असते." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ती धुक्यात निघून गेली.

त्या रात्री मास्तरांनी ब्लेडनं चोरखिशाची शिवण उसवली. एकेक टाका स्वतःचाच होता, म्हणून निघायला जड गेला.

सकाळी सहाला ते घड्याळजींच्या जिन्याखाली येऊन उभे राहिले. वर जावं की नाही कळेना. ती परत गेली असेल, जावंच तिनं. मग ते चढले. कडीला पिशवी लटकत होती. आत फोन होता, रात्रभर चार्ज केलेला, कोमट.

याचा अर्थ काय लावायचा ते त्यांना कळेना. घ्या, फिरवा, तुम्हाला तेवढंच येतं, असंही असेल. हात सवयीनं पिशवीकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला, मूठ केली आणि दार वाजवलं.

आत काही हललं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. शेजारणीला ऐकू जाईल इतक्या जोरानं वाजवलं. आणि वाजवत राहिले, जणू एकवीस दिवसांचं सगळं आजच वाजवायचं होतं.

मग आतून आवाज आला. एक पाऊल वाजलेलं, एक सरपटलेलं. पुन्हा वाजलेलं, पुन्हा सरपटलेलं. मास्तर दारासमोरून हलले नाहीत.

दार उघडलं. डोळे सुजलेली मुलगी उभी होती, पायात बापाच्या मोठ्या सपाता, डावीचा पट्टा तुटलेला. तिनं कडीची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"थांबा," ती म्हणाली. "बूट घालते."

मास्तर उंबऱ्याबाहेर थांबले. आत, खिडकीजवळ, खुर्ची तिथेच होती. त्या खुर्चीकडे न पाहता उभं राहणं त्यांना जमलं नाही.