फक्त दहा नावे

मी एक जुनी लायब्ररी आहे. दचकू नका, माझ्यात पुस्तके नाहीत आणि 'शांतता राखा' अशी पाटीही नाही. मी संगणकातली लायब्ररी आहे. म्हणजे कुणीतरी एकदा डोके लावून लिहिलेले आणि मग हजारांनी डोके न लावता वापरलेले काम. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणते ते रीत आहे म्हणून. माणसांचा मला जो अनुभव आला, त्यानंतर मैत्रीचा आग्रह मी धरणार नाही.

माझे काम सोपे होते. तुम्ही एखाद्या वेबसाइटवर काही शोधता तेव्हा त्या वेबसाइटला स्वतःला काही ठाऊक नसते. सगळी माहिती तिच्या मागे बसलेल्या सर्च इंजिनाकडे असते. तुमचा प्रश्न तिकडे न्यायचा, उत्तर इकडे आणायचे आणि कुणी नवी माहिती लिहिली की ती तिकडे पोचवायची, हे मी करत असे. सर्च इंजिन हुशार खरे, पण भारी शिष्ट. आपणहून ते दहाच नावे देते आणि गप्प बसते. बाकीची हवी असतील तर तसे सांगावे लागते.

मला मुलुंडला सहदेवने आणले. तिथे एलबीएस मार्गाजवळच्या एका गाळ्यात मुकुल नावाच्या गृहस्थाने 'शेजारचा डबा' ही वेबसाइट काढली होती. घरी स्वयंपाक करून डबे देणाऱ्या बायकांची नावे तिच्यावर असत. लोकांनी आपला भाग लिहायचा, नावे बघायची आणि फोन करायचा. सहदेव तिथला पहिला प्रोग्रॅमर. त्याला काम करण्याआधी वाचायची सवय होती. ती त्या गाळ्यात पुढे कुणाला लागली नाही. त्याने माझ्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहिली, की दहावर थांबू नकोस, असतील तितकी सगळी नावे आण. त्या ओळीवर वेबसाइट वर्षानुवर्षे चालली. मुकुलला एका समारंभात शाल-श्रीफळ मिळाले आणि तो 'आमचे तंत्रज्ञान' याविषयी पुष्कळ बोलला. तंत्रज्ञान म्हणजे मी. माझे नाव त्याला आजही सांगता येणार नाही.

मी वाहिलेल्या नावांत एकच मला मनापासून आवडायचे, ते रुक्मिणी परब यांचे. मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर त्या राहत, मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून त्यांच्या डब्यांवर घर चालले होते. कांजूरमार्गच्या ऑफिसांत जाणारी, आसपास भाड्याने राहणारी मुले त्यांच्याकडून डबा नेत; जुनी सोडून जात, नवी वेबसाइटवरून येत. त्यांनी नावाखाली लिहिले होते, "अस्सल मालवणी. वाटप ताज्या नारळाचं. तिखट सोसत असेल त्यानेच मागवावं." असे ताठ वाक्य त्या वेबसाइटवर दुसऱ्या कुणाचे नव्हते. बाकी सगळे 'प्रेमाने बनवलेले'.

मग मला बनवणाऱ्यांनीच एक दिवस जाहीर केले, की मी डेप्रिकेटेड आहे. म्हणजे मी अजून चालते, काम करते, पण मला यापुढे जमेत धरायचे नाही. माझ्या जागी धाकटी आली. सुटसुटीत, वेगवान आणि स्वतःचे कौतुक करून घेण्यात तरबेज. सहदेव तोवर नोकरी सोडून गेला होता. माझ्याकडचे काम तिच्याकडे देण्याची जबाबदारी स्वरदा नावाच्या मुलीवर आली. मुलगी वाईट नव्हती, पण घाईत होती. मी विचारत असलेले प्रश्न तिने जसेच्या तसे धाकटीला शिकवले. सहदेवची ओळ मात्र प्रश्नांत नव्हती, माझ्या सेटिंगमध्ये होती. तिथे कोण डोकावणार?

चाचणीही झाली. चाचणीसाठी या लोकांनी ऑफिसातल्या सहा जणांच्या आयांची नावे भरली. सहाच्या सहा नावे दिसली. मग जिलेबी-फाफडा मागवण्यात आला. मित्रांनो, सहा नावांत दहाची मर्यादा कशी कळणार, हे तुमच्यातल्या चौथीतल्या मुलानेही सांगितले असते. पण चौथीतल्या मुलाला असल्या नोकऱ्या देत नाहीत.

गणपती झाल्यावर शोधण्याचे काम धाकटीकडे गेले. लिहिण्याचे काम तेवढे माझ्याकडे राहिले, ते हलवायचा कंटाळा केला म्हणून. मुलुंड पूर्वेला साठाच्या वर नावे होती. धाकटी त्यांतली दहा आणू लागली, रोज तीच. त्या दहा जणी खूश. बाकीच्या तक्रार कशाची करणार? आपण दिसत नाही, हे घरबसल्या कुणाला दिसते? मुकुल मीटिंगमध्ये म्हणाला, "एक पण कम्प्लेंट नाही. झकास काम केलंस, स्वरदा."

रुक्मिणीबाईंचा फोन वाजेनासा झाला. मला कसे कळले? त्या आपले वाक्य बदलू लागल्या आणि बदललेले वाक्य नेणारी मीच होते. आधी आले, "तिखट कमी करून मिळेल." मग, "वाटप न घालताही मिळेल." दिवाळीनंतर आले, "बिनतिखट जेवण, कुणालाही चालेल असं." ते नेताना मला सगळ्यांची चीड आली. धाकटीची, स्वरदाची आणि माझ्या मुक्या जातीचीही.

त्यांनी एकदा ऑफिसात फोनसुद्धा केला. माझी एक प्रत स्वरदाच्या लॅपटॉपात असे. फोन स्पीकरवर टाकून बोलायची त्या गाळ्याची पद्धतच होती, त्यामुळे सगळे कानावर पडे.

"माझ्या जेवणाबद्दल कोण काय बोललं काय? खरं सांग."

"नाही हो काकू, एकही तक्रार नाही. सीझन डाऊन आहे ना," स्वरदा म्हणाली आणि तिने फोन ठेवला. यादी उघडून बघायला तिला किती वेळ लागला असता?

पुढे मुकुलच्या माणिकमावशीने डबे सुरू केले. तिचे नाव मी पोचवले आणि दुसऱ्या दिवशी मुकुल तावातावाने आला. "मावशीचं नाव दिसत नाहीये यार. वाट लागली. आई मला घरात घेणार नाही." रुक्मिणीबाईंचे नाव कित्येक महिने दिसत नव्हते तेव्हा गाळा थंड होता. मावशीसाठी मात्र जेवायच्या सुट्टीआधी चूक सापडली. स्वरदाने माझे सेटिंग पहिल्यांदा उघडले आणि सहदेवची ओळ वाचली. ओळ धाकटीला दिल्याबरोबर सगळी नावे आली.

"बायकांना सांगायला हवं," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? मेसेज टाक, नवीन सुविधा, आता तुम्ही जास्त लोकांना दिसाल." हा मुकुल.

मेसेज गेला. थोड्याच वेळात फोन वाजला.

"मी रुक्मिणी परब. आता माझं नाव जास्त लोकांना दिसणार म्हणे. म्हणजे आधी दिसत नव्हतं?"

स्वरदाने मुकुलकडे पाहिले. त्याने 'नाही' अशी मान हलवली.

"नव्हतं, काकू," ती म्हणाली. "गणपतीपासून. आमची चूक झाली. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."



"माका वाटला, माझ्या हाताची चव गेली," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "वाटप बंद केलं मी. घरात पण. नवरा म्हणायचा, कालवण असं का लागतंय, तर त्याच्यावर ओरडायची. आणि तू मला सीझन सांगितलास."

"चुकलं माझं, काकू. आता तुमचं नाव सगळ्यात वर ठेवते."

"नको बाय. काढून टाक. ज्याला जेवायचं तो नवघर रोडला विचारत येईल."

पुसणे हेही लिहिण्याचेच काम, म्हणून ते माझ्या वाट्याला आले. त्यांचे नाव मी सर्च इंजिनातून काढले आणि 'झाले' हे उत्तर स्वरदाला आणून दिले. पाठोपाठ तिने लिहिण्याचे कामही धाकटीकडे दिले आणि मलाही काढून टाकले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, नाहीतरी त्या गाळ्यात राहण्यासारखे काही उरले नव्हते.

मित्रांनो, जुने काढायला माझी हरकत नाही, खुशाल काढा. काढण्याआधी ते एकदा वाचा, एवढेच मागणे आहे. तुम्ही वाचत नाही, आणि मग एखादी बाई आपल्या घरात बसून भाजीतला नारळ कमी करत राहते.