शाळेच्या संडासाची किल्ली

भिंगरीची आई गावी गरीब गाय म्हणून ओळखली जायची. कुणी चार शब्द वाकडे बोललं तरी मान खाली घालून निघून जाणारी बाई. शहरात आल्यावर मात्र तिच्या डोक्यात दिवसभर काहीतरी खदखदत असायचं, आणि ते ओतायला कुठे जागाच नव्हती. नवरा डांबरी रस्त्याच्या कामावर महिना-महिना बाहेर. खोली एवढीशी की मनासारखी आदळआपट करायची म्हटली तरी कोपर भिंतीला लागायचं. आणि कारखान्यात तोंड उघडायला उसंत नव्हती.

कारखाना चादरी धुण्याचा होता. शहरातल्या मोठमोठ्या हॉटेलांमधून चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे पोत्यांनी यायचे. ही डागांच्या टेबलापाशी उभी असायची. प्रत्येक चादर उलगडायची, उजेडाकडे धरायची आणि डाग ओळखून वेगळी टाकायची. चहाचा डाग इकडे, रक्ताचा तिकडे, आणि ज्यांचं नाव काढू नये असे तिसऱ्या ढिगात. नाकाला पदर बांधून दिवसाला तीनशे चादरी.

भिंगरी नऊ वर्षांची. हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. गावी तिचा पाय जमिनीवर टिकायचा नाही, म्हणून सगळे तिला तसं म्हणायचे. विहिरीत उडी टाकण्यात पहिली, पाढ्यांत पहिली, भांडणात तर पहिल्याच्याही पुढे. गावच्या शाळेत ती तिसरीत होती. शहरातल्या शाळेने "दाखला नाही" म्हणून तिला पहिलीत बसवलं, सहा वर्षांच्या पोरांमध्ये. गुडघे बाकाखाली मावेनात. "दाखला आला की बघू," असं मोठ्या बाई म्हणाल्या. गावच्या गुरुजींनी दाखला पाठवला, आईने तो नेऊन दिला, बाईंनी फायलीत घातला. भिंगरी राहिली पहिलीतच.

हळूहळू ती बोलेनाशी झाली. विचारलं तर हो, नाही, माहीत नाही. आईला वाटलं, रुळेल पोरगी. पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची, तेही आईच्या नजरेत आलं होतं. पण नळ शाळेतही असेल, पोरीने येताना भरून आणली असेल, असं मनाशी म्हणून ती पुढच्या कामाला लागायची.

मग एका सकाळी भिंगरीने अंथरूण ओलं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी आईचा तोल गेला. कामाची वेळ झालेली, गोधडी धुवायला पाणी नाही. तिने भिंगरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "नऊ वर्षांची घोडी झालीस! लाज नाही वाटत?" भिंगरी रडली नाही. पोट धरून खाली बसली. आईने हात लावला, तर अंग तव्यासारखं तापलेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाईत नव्हती. तिने भिंगरीला तपासलं, मग आईला म्हणाली, "ताई, तुम्ही खिडकीवरून केसपेपर घेऊन या, तोवर आम्ही दोघी गप्पा मारतो." आई परत आली तेव्हा डॉक्टरीणबाईचा चेहरा बदललेला होता.

"लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झालाय. औषधाने बरा होईल. पण ताई, ही सकाळपासून शाळा सुटेपर्यंत लघवीला जात नाही. जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही."

"का गं?" आईने विचारलं.

भिंगरी भिंतीकडे बघत म्हणाली, "कुलूप असतं."

पुढचं सगळं आईने घरी येईपर्यंत रस्त्यात तुकड्या-तुकड्याने काढून घेतलं. संडासाची किल्ली शाळेच्या मदतनीस बाईकडे. मागायची तर वर्गात उभं राहून मागायची. भिंगरीने पहिल्याच आठवड्यात मागितली, आणि गावाकडे लघवीला जो शब्द आहे तोच वापरला. वर्ग खो-खो हसला. वर्गावरच्या बाईही हसल्या. मदतनीस बाई म्हणाली, "तुम्हा लोकांना उघड्यावरच सवय, जा मैदानाच्या कडेला." भिंगरी गेली. कुंपणापाशी मोठ्या वर्गातली पोरं टपून होती. त्यांनी खडे मारले. त्या दिवसापासून तिने पाणी सोडलं.

तीन महिने! आईला पहिला राग स्वतःचाच आला. दुसऱ्यांच्या चादरींवरचे डाग ती लांबून ओळखायची, आणि पोटच्या पोरीचं तिला काही दिसलं नव्हतं. आणि वर धपाटा.

दुसऱ्या दिवशी तिने भिंगरीला शेजारच्या शिंपीणबाईकडे ठेवलं आणि कारखान्याच्या मुकादमाला फोन केला. "आज येत नाही."

"आज नाही आलीस तर उद्याही येऊ नकोस."

"बरं. मग डाग तुम्हीच हुंगा," असं म्हणून तिने फोन ठेवला. ठेवल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

ती शाळेत पोचली तेव्हा मोठ्या बाई चहा पीत होत्या. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे हात केला, पण आई बसली नाही.

"बाई, संडासाला कुलूप का?"

"असं आहे," मोठ्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "ही बाहेरून आलेली मुलं असतात ना, त्यांना वापरायची सवय नसते. फार घाण करतात. मग स्वच्छता कोण ठेवणार? तुम्ही शिकवलं पाहिजे घरी."

आईच्या कानशिलात रक्त चढलं. "घाण? बाई, या शहरातली घाण मी रोज दोन्ही हातांनी उलगडते. इस्त्रीचे कपडे घालणारे तुमचे साहेब लोक रात्री कशात लोळतात ते मला विचारा. आम्हाला घाण शिकवू नका!"

"आवाज खाली घ्या. ही शाळा आहे."

"शाळा आहे म्हणूनच आले. गोठा असता तर जनावरंसुद्धा मोकळी मुतली असती!"

दाराशी मुलं जमली. मदतनीस बाई धावत आली. आईने तिच्याकडे वळून हात पुढे केला. "उघडा. मला बघायचंय, काय एवढं सोनं ठेवलंय आत."

मदतनीस बाईने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंना बहुधा वाटलं, उघडून दाखवलं की ही बया जाईल. त्यांनी मान हलवली.

मुलींचे संडास दोन होते. एकात मोडकी बाकं आणि जुने तक्ते छतापर्यंत रचलेले. दुसरा लखलखीत होता. पांढऱ्या फरश्या, नवी कोरी बादली, साबणाची वडी अजून कागदात. पाण्याचा थेंब पडलेला नव्हता.

"हा कुणासाठी?"

"तपासणीला समिती येते," मदतनीस बाई पुटपुटली. "तेव्हा उघडतो."

आईने बादलीत डोकावून पाहिलं. तिला वाटलं होतं, आत काहीतरी तुंबलं असेल, फुटलं असेल, निदान सांगण्यासारखं कारण असेल. काहीच नव्हतं. तिची पोरगी तीन महिने तहानेने सुकली ती या कोऱ्या बादलीपायी. तिने कोयंड्यात लोंबणारं कुलूप ओढून काढलं आणि पिशवीत टाकलं.

"अहो! ते शाळेचं आहे!"

"मग करा पोलिसांत तक्रार, संडासाचं कुलूप चोरलं म्हणून. मीही येते तुमच्याबरोबर, आणि डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला हा कागदही आणते. त्यात सगळं लिहिलंय, आजार कशाने झाला ते. एक कागद तुमच्या वरच्या साहेबांनाही देते. आणि माझ्या पोरीचा दाखला तुमच्या फायलीत कधीचा झोपा काढतोय, त्याला उठवा. ती तिसरीतली आहे."

मोठ्या बाई काही बोलणार, तोच दाराशी उभ्या गर्दीतून एक चिमुरडी सुटली आणि फ्रॉक धरून तीरासारखी आत पळाली. दार लागलं. मग दुसरी येऊन उभी राहिली. मग तिसरी. बघता बघता रांग लागली. मोठ्या बाई त्या रांगेकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. "सोमवारपासून तिसरीत बसवते," त्या हळूच म्हणाल्या. आईने मान डोलावली नाही की आभारही मानले नाहीत.

घरी येताना तिची चाल बदलली होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी तोंडावर सुनावलं होतं. भिंगरीला शिंपीणबाईकडून आणून अंथरुणावर निजवताच तिने तिला सगळं सांगितलं, अगदी हातवारे करून, मोठ्या बाईंची नक्कलसुद्धा केली. आता पोरगी हसेल, गळ्यात पडेल, असं तिला वाटलं.

भिंगरी पांढरीफटक पडली. "तू सगळ्यांसमोर ओरडलीस? आपल्या बोलीत?"

"मग कुठल्या बोलीत ओरडू?"

"आणि मला लघवीचा आजार झाला ते सांगितलंस? सगळ्यांना? मी आता कशी जाऊ तिथे?" तिने पांघरूण भिरकावलं. "तुला कुणी सांगितलं होतं जायला? आणि मला इथे आणायला तरी कुणी सांगितलं होतं? मला विचारलंत का? बाबांना नाही, मला! माझी शेळी विकली तेव्हा विचारलं? मी तिसरीत होते! माझ्या मैत्रिणी होत्या! मी रोज सांगणार होते तुला, तर तू आल्या आल्या झोपायचीस! आणि मारलंस मला!"

आवाज इतका चढला की पातेल्यावरचं झाकण थरथरलं. तीन महिन्यांत न बोललेलं सगळं बाहेर येत होतं, शेंडाबुडखा नसलेलं. कुंपणापाशीच्या पोरांची नावं, हसणाऱ्या बाई, कुबट वास येणारी खोली, दिवसभर घरी नसणारी आई. आईच्या ओठांवर उत्तरं आली. तुझ्यासाठीच राबते. गावी खायला होतं काय. ती सगळी उत्तरं तिने गिळली, कारण पोरीने विचारलेलं त्यांत कुठेच नव्हतं.

"मारलं ते चुकलं माझं," ती म्हणाली. "आणि विचारलं नाही, तेही."

"चुकलं म्हटलं की झालं?" भिंगरी किंचाळली.

"नाही झालं. बोल तू."

शिंपीणबाईने पलीकडून भिंतीवर थाप मारली. "अगं काय चाललंय? पोर आजारी आहे ना?"

"बरी होतेय!" आईने भिंतीकडे तोंड करून सांगितलं. "ओरडू दे तिला. आज तिला कुणी गप्प करायचं नाही."

आणि ती जमिनीवर बसून राहिली. भिंगरी अंथरुणावर उभी राहून, केस विस्कटलेली, लाल डोळ्यांनी, गावाकडच्या त्याच बोलीत तिला फैलावर घेत होती.