भिंतीपाशी ठेवलेला पाटा

मी पाटा आहे, अंबरनाथ पश्चिमेचा. वरवंटा कधीच हरवला, त्यामुळे दोघांचंही मलाच बोलावं लागतंय.

पाथरवटाने मला घडवलं आणि सदूच्या आईने सुनेसाठी, म्हणजे अंजनीसाठी, घरी आणलं. एकोणीस वर्षं तिने माझ्यावर वाटण वाटलं. मग मिक्सर आला. माझी तक्रार नाही. आरडाओरडा फार करतो, पण काम झटपट उरकतो.

सदूचं किराणा दुकान रेल्वेच्या भिंतीला लागून. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर भगदाड पडलेलं. पलीकडे रूळ, रुळांपलीकडे पूर्वेची वस्ती. सदू पक्का धंदेवाला. त्याने मला विटांवर ठेवून भगदाडाखाली पायरी केली.

"पूल कशाला चढता? आपला घरचा जिना आहे!" असं तो सगळ्यांना सांगायचा. पूर्वेची गिऱ्हाइकं वाढली.

अंजनी म्हणायची, "अहो, जीव जाईल एखाद्याचा."

"माझे कान म्हणजे टाइमटेबल आहे गं!"

आणि खरंच, गल्ल्यावर बसूनच तो ओरडायचा, "गाडी गेली, निघा!" लोक निर्धास्त निघायचे.

तुळशीमावशी पूर्वेची. गुडघे गेलेले, पण तांदूळ सदूकडचाच हवा. त्या दुपारी पिशवी घेऊन ती माझ्यावर चढली. आधाराला अंजनी, अनवाणी, तिचाही एक पाय माझ्यावर. अलीकडच्या रुळावरून एक्स्प्रेस धडधडत गेली.

"गाडी गेली, मावशी! निघा!"

एक थरथर विझत होती आणि तिच्याखालून दुसरी चढत होती. पलीकडच्या रुळावरची. मला कळलं, पण दगडाला तोंड कुठे? मावशीने पाय भगदाडात टाकलासुद्धा. तेवढ्यात अंजनीने आपल्या तळपायाकडे बघितलं, आणि मावशीचा दंड धरून तिला मागे खेचलं.

"थांबा! अजून एक आहे!"

पिशवी पलीकडे पडली. तांदूळ खडीत सांडला. लोकल आली आणि गेली.

सदू धावत आला. मावशीला त्याने पाणी दिलं. "मीच म्हणालो ना, गेली म्हणून?" त्याने दोनदा विचारलं.

दुसऱ्या सकाळी त्याने मला तिथून उचललं. पूर्वेचा चंदू रिक्षावाला भिंतीपलीकडूनच ओरडला, "काय शेठ, जिना बंद?"

"बंद. पुलावरनं ये."

"पुलावरनं? वाटेत चार दुकानं लागतात!"

"मग त्यांच्याकडनं घे."

सदूच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

भगदाड अजून तसंच आहे. ते बुजवा म्हणून सदूने रेल्वेकडे अर्ज दिलाय. कुणीतरी तिथे पायरी म्हणून तेलाचा डबा ठेवतं, सदू तो काढतो. पुन्हा कुणीतरी ठेवतं. पूर्वेची निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मी दुकानाच्या दाराशी असतो. तुळशीमावशी पूल चढून-उतरून, धापा टाकत येते आणि माझ्यावर बसते. आधी लोक माझ्यावर घाईघाईत नुसतं पाऊल टेकायचे. हिचा सगळा भार माझ्यावर येतो. बरं वाटतं.

काल जाताना ती म्हणाली, "येऊ का रे, सदू?"

सदू गल्ल्यावरून उठला, तिची पिशवी घेतली. "चला, पुलापर्यंत येतो."

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती.

बाबांनो, मला नुसतं कळतं. तुम्हाला सांगता येतं. पण कुणाला "निघा" म्हणण्याआधी एकदा जागेवरून उठून बघत जा.