सगळ्यात वरची जागा

ओबेड लनने मेंढी चोरली, याबद्दल गावात दुमत नव्हतं. खुद्द ओबेडचंही नव्हतं. मेंढी होती जेबेझ थर्केल या शेतकऱ्याची. थर्केलने फिर्याद केली ती एवढ्याच हिशोबाने, की ओबेड एक हिवाळा तुरुंगात काढेल आणि शहाणा होऊन येईल. पण कायद्याच्या दुकानात तेव्हा एकच माल मिळायचा, आणि तो दोरखंड होता. लिंकन शहरातल्या न्यायाधीशाने जेवणाआधी फाशी सुनावली, जेवण केलं आणि बग्गी पुढच्या शहराकडे हाकली.

मग थर्केलचा जमाखर्च बिघडला. तो गुत्त्यात शिरला की त्याच्या बाकावरची माणसं उठू लागली. घरी बायको म्हणाली, "मेंढीचं कातडं मिळालं ना परत? तेच घेऊन झोपा आता. मी जाते माळ्यावर."

तेव्हा फिर्यादीच आरोपीसाठी दयेचा अर्ज घेऊन निघाला. आपल्याकडे हे नवं नाही. आधी माणसाला फासापर्यंत पोचवायचं आणि मग राजाच्या पायाशी गळा काढायचा, याला शेजारधर्म म्हणतात. अर्ज शाळामास्तरांनी झोकात लिहून दिला. राहिल्या होत्या सह्या.

सह्यांची रीत ठरलेली. सगळ्यात वर जमीनदार सर जर्व्हिस, मग पाद्री स्क्रोप, मग डॉक्टर टिंडल, मग शेतकरी, तळाला दुकानदार. लंडनचा मंत्री म्हणे पहिलं नाव पाहतो. ते वजनदार नसेल तर दुसऱ्यापर्यंत त्याची नजर उतरतच नाही. त्यामुळे पाववाल्याने कागदाच्या अगदी तळाशी मुंगीएवढी सही केली. थर्केलने आपली सही त्याच्या दोन बोटं वर केली. डॉक्टर मात्र दारातच अडले.

"मी पाद्र्यांच्या खाली करणार ना? मग त्यांची होऊ दे. जागा चुकली तर जन्मभर टोमणे ऐकायचे कोणी?"

पाद्रीबाबा चहा पीत होते. "सर जर्व्हिसांच्या आधी मी? अरे, त्यांना काय वाटेल!"

"पण पाद्रीबाबा, शुक्रवारी फाशी आहे."

"मग त्यांना उद्याच गाठ. माझी दया तयार आहे, फक्त जागच्या जागी हवी."

सर जर्व्हिसांनी कागद लांब धरून पाहिला. "वरचा अर्धा कागद कोरा? म्हणजे गावातल्या एकाही सभ्य माणसाला हा वाचावासा वाटत नाही, आणि मी एकट्याने पुढे व्हायचं? आधी पाद्र्याची सही आण."

थर्केल घरी आला तर स्वयंपाकघरात ओबेडची बायको केझाया बसलेली. एरवी तिला आपल्या चुलीपाशी पाहून तो लाजेने विरघळला असता. आज त्यालाही कोणीतरी हवंच होतं. त्याने कागद तिच्यापुढे पसरून सगळी कर्मकथा सांगितली.

"ही जागा सर जर्व्हिसांची, ही पाद्र्यांची. तूही खाली एक फुली मार. बायकोची फुली कोणी धरत नाही म्हणा, पण मार."

केझायाने टाक उचलला, शाईत नीट बुडवला आणि कागदाच्या माथ्यावर, सर जर्व्हिसांच्या जागेवर, चांगली हातभर फुली मारली.

"अगं बये! काय केलंस हे?"

"मला कुठं लिहिता येतं, मालक?" ती म्हणाली आणि शाल सावरून निघून गेली.

मास्तर लेकीकडे परगावी गेलेले. दुसरा कागद लिहिणार कोण? थर्केल तोच कागद घेऊन हवेलीवर गेला. सर जर्व्हिस बघता बघता लाल झाले.

"माझ्या जागेवर चोराच्या बायकोची फुली? आणि हे असं लंडनला जाणार? या कागदाला मी शिवणार नाही. शाई आणा! मी माझा स्वतंत्र अर्ज लिहितो."

सर जर्व्हिसांनी एकट्याने अर्ज केला, ही बातमी जेवणाआधी पाद्र्यांना कळली. त्यांनी बायबलच्या वचनांसकट लांबलचक अर्ज लिहिला, स्वतःचं नाव सगळ्यात वर. डॉक्टरांना एकाएकी आठवलं, की ओबेड लहानपणी गाडीवरून डोक्यावर पडला होता आणि उपचार त्यांनीच केले होते. तेही कागदावर उतरलं. टपालगाडीतून फुलीसकट चार अर्ज गेले. एका मेंढीचोरासाठी अख्खा परगणा रडतोय, असं मंत्र्याला वाटलं असणार.

दया आली. फाशी रद्द, जन्मभर काळं पाणी, न्यू साउथ वेल्सला.

रविवारी चर्चच्या दारात सर जर्व्हिस सांगत होते, "माझ्या दोन ओळी पुरल्या." पाद्र्यांच्या मते काम वचनांनी केलं, डॉक्टरांच्या मते डोक्यावरच्या जखमेने. थर्केलला कोणी काही म्हणालं नाही, पण गुत्त्यात कोणीतरी बिअरचा मग त्याच्याकडे सरकवला. त्याची बायकोही माळ्यावरून उतरली.

त्याने केझायाला वाटेत गाठलं. "खरं सांग. तुला वर-खाली कळत नव्हतं?"

"चर्चमध्ये जन्म गेला शेवटच्या बाकावर, मालक. पुढे कोण बसतं, त्याच्या मागे कोण, एवढंच तर बघत आले. प्रवचन कुठं ऐकू येतं तिथं?"

थर्केल हसला. ती हसली नाही.

"ओबेड वाचला," तो चाचरत म्हणाला.

"वाचला. तिकडे, समुद्रापलीकडे." तिने मान वर केली. "नवऱ्यामागून बायकोला जहाजावर घेतात म्हणे, अर्ज केला तर. मास्तर आलेत लेकीकडून. या वेळी फुली कुठं मारू?"