वाकळेचा घास

"सरका तिकडं, पाय भाजत्याल," असं म्हणत गोजरबाईने तपेल्यातलं उकळतं पाणी पलंगाच्या फटीत ओतलं, आणि आतून ढेकणांची रांग लागली. तिचा नवरा हिंदुराव दोन पावलं मागे सरला आणि घरी पाहुणे आल्यासारखा कौतुकाने बघत राहिला.

पलंग चाळीच्या अंगणात आडवा पडला होता. हिंदुरावाने तो कालच जुन्या बाजारातून हातगाडीवर घालून आणला होता. शिसवी लाकूड, वर नक्षी, एका मोठ्या सावकाराच्या माडीवरचा, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. विकणाऱ्याच्या बोलण्यावर हिंदुरावाचा विश्वास देवावरच्या विश्वासापेक्षा बोटभर जास्तच होता.

"नवा घ्यायला गेलं तर माणूस बसंल," तो म्हणाला. "ह्यो बघ, निम्म्याच्या निम्म्यात आला. जरा पानी वतलं, घासलेट लावलं, चौथा पाय बसवला, की झालं."

"चौथा पाय कुटं हाय?"

"त्यो करू की आपन."

शेजारची दानम्मा दारात तांदूळ निवडत बसली होती. ती अक्कलकोटकडची, बोलणं निम्मं कानडी वळणाचं आणि चेष्टेला सदा तयार. "अय्यो गोजराक्का, आज कुणाला अंगोळ गं?"

"सावकाराच्या पलंगाला."

"आमच्यात नवऱ्याला बी एवढं गरम पानी मिळत न्हाय की!"

दानम्मा हसली, हिंदुराव हसला, गोजरबाईही हसली. मग तिने पदर खोचला आणि पुन्हा चुलीकडे गेली, कारण ढेकूण एका पाण्याला दाद देणारे नव्हते. सकाळपासून ती हेच करत होती. सरपण संपत आलं होतं, घासलेटाची बाटली तळाला गेली होती आणि कंबरेत उसण भरली होती. रविवार म्हणून गिरणी बंद, म्हणून सगळ्यांना सुट्टी. गोजरबाईला सुट्टी कुठून असणार? ती तर घरीच असायची.

हिंदुराव गिरणीत कामाला होता. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात उगारणं नाही. त्याला एकच वेड होतं, नवं काही घ्यायचं नाही. कुठे लिलाव असो, कुणी बिऱ्हाड मोडो, हिंदुराव तिथे हजर. त्या दोन खोल्यांत एक कपाट होतं, कुठल्यातरी दवाखान्यातून निघालेलं; त्यात पीठ ठेवलं की भाकरीला फिनेलचा वास यायचा. एक खुर्ची होती, तिच्यावर कसं बसायचं हे पाहुण्याला आधी समजावून सांगावं लागे. एक घड्याळ होतं, ते पालथं घातलं तरच चालायचं. वेळ बघायला उचललं की बंद पडायचं.

जुनी वस्तू घरात एकटी येत नाही, सोबत काम घेऊन येते, हे हिंदुरावाच्या कधी ध्यानात आलं नाही. कपाटाची काच फुटकी, म्हणून पडदा हवा. पडद्यासाठी गिरणीच्या चिंध्या विकत आणायच्या, त्या धुवायच्या, निवडायच्या, जोडायच्या. खुर्चीतला काथ्या टोचतो, म्हणून तिला गादी. गादीचा अभ्रा फाटतो, म्हणून त्याला ठिगळ. आणि या सगळ्यातून हात मोकळे झालेच, तर वाकळा, म्हणजे चिंध्यांच्या गोधड्या. घरात वाकळ विकत आणायची म्हणजे त्याला पाप वाटे.

"ह्या घरात दुकानातली एक वस्तू दावा," तो पाहुण्यांना सांगायचा. "समदं आमच्या मंडळीच्या हातचं. फुकट पडलं बघा."

पाहुणे वाकळेवरून हात फिरवायचे, वा वा म्हणायचे. खोटं कशाला बोला, त्या वेळी गोजरबाईलाही बरं वाटायचं. आपण संसाराला काहीतरी लावलं असं वाटायचं. पाहुणे गेले की ती पुन्हा सुईत दोरा ओवायला बसायची. अलीकडे मात्र दोरा ओवायला दानम्माच्या पोरीला हाक मारावी लागे.

तिने एकदा गिरणीही बघितली होती. मुलगा जोतीराम लहान असताना हिंदुरावाला मुदतीचा ताप आला आणि घरात खायचे वांधे झाले, तेव्हा ती वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला गेली होती. कापसाचा भुगा नाकातोंडात जायचा, पाय सुजायचे. पण पगार हातावर पडला त्या दिवशी ती एकटीच नव्या पेठेत गेली आणि तिने एक कोरी चादर घेतली. घडी उलगडली की खळीचा वास यायचा. पुढे हिंदुराव बरा झाला, म्हणाला, बाईनं घर धरावं. तिने घर धरलं. त्या चादरीला कित्येक वर्षं ठिगळ लागलं नाही, ही गोष्ट मात्र ती कुणाला बोलली नाही.

आता त्याच खात्यात तिची सून जात होती. तानाबाई वैरागची, अंगाने काटक, बोलायला चटपटीत. गिरणीत पगार कापले गेले तेव्हा जोतीरामनेच तिला कामाला लावलं. संध्याकाळी केसांत कापूस घेऊन ती यायची, दमलेली असायची, पण मैत्रिणींच्या गोष्टी सांगताना हसायची. गोजरबाई भाकरी थापता थापता ऐकायची. कधीकधी तिला सुनेचा हेवा वाटायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

दुपार कलली. पलंग उन्हात वाळत पडला होता. सोप्यात गोजरबाई नवी वाकळ पुरी करत बसली होती, तानाबाई शेजारी टाके धरून देत होती. फक्त शेवटचा कोपरा राहिला होता.

त्यांच्याकडे वाकळ अशी बंद करत नसत. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायचा, मग तो शिवायचा. वाकळ उपाशी राहिली तर ऊब देत नाही, असं मानत. आणि हिंदुरावाच्या घराण्यात त्यापुढे आणखी एक रीत होती. सुनेने हा घास घातला, की त्या दिवसापासून घरची सुई तिची. सासूने सुई खाली ठेवायची, सुनेने उचलायची. गोजरबाईने तो घास लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात घातला होता, हसत हसत, काही न कळता.

हिंदुरावाने स्वतः उठून दुरडीतला भाकरीचा तुकडा आणला आणि सुनेपुढे धरला.

"तानाबाई, आज घास तू घाल. तुज्या आत्याचं डोळं दमलं आता. येत्या पगारापासनं गिरणी बंद कर आन् घर धर. पलंग बी तुमालाच आनलाय."

हे तो मायेनेच बोलला. बायकोला विसावा द्यावा, असंच त्याच्या मनात होतं. तानाबाईने तुकडा हातात घेतला, पण हात जागचा हलेना. सासऱ्यापुढे थेट बोलायची रीत नव्हती. तिने पदर पुढे ओढला आणि सासूला म्हणाली, "आत्या, मामांना सांगा की. मी घरचं बी करीन, रातचं शिवीन. पर गिरणी नगा सोडाया लावू."

जोतीराम भिंतीला टेकून बसला होता. तो आईकडे बघे, बापाकडे बघे आणि पुन्हा जमिनीकडे बघे.

"गिरणीतलं दिसतंय, घरात वाचतंय त्ये दिसत न्हाय, येवढंच," हिंदुराव समजुतीने म्हणाला. "माजं नगं ऐकू. तुज्या सासूला इचार. जलम गेला तिचा ह्यात. सांग गं जोत्याची आई, वाचलं का न्हाय? तू म्हनशील त्ये खरं."

तो निर्धास्त होता. आपल्याच बाजूचा साक्षीदार उभा केला होता ना त्याने!

गोजरबाईने सुई वाकळेत टोचून ठेवली. 'व्हय, वाचलं' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर सगळ्यांच्या देखत तिच्या इतक्या वर्षांचं सोनं झालं असतं. आणि ही पोर उद्यापासून इथे, याच खिडकीखाली, चिंध्या निवडत बसली असती. 'न्हाय' म्हटलं तर पोर सुटली असती, पण मग आपण जन्मभर काय केलं, याला काही उत्तर उरलं नसतं. तिने सुनेच्या हाताकडे पाहिलं. तुकडा अजून बोटांतच होता.

गोजरबाईने तो तुकडा सुनेच्या हातातून घेतला आणि आपल्या तोंडात टाकला.

"आगं!" हिंदुराव ओरडला. "वाकळंचा घास त्यो!"

"लई घास घातलं वाकळंला," ती चावता चावता म्हणाली. "काय बी वाचलं न्हाय."

"काय म्हनलीस?"

"चिंध्या इकतच आनल्या. दोरा इकत, सरपन इकत, घासलेट इकत. माज्या दुपारी तेवढ्या फुकट व्हत्या, म्हनून तुमाला समदं सवंग दिसलं." तिचा आवाज चढला नाही. भांडायचं बळही तिच्यात उरलं नव्हतं. "जाऊ द्या तिला कामाला."

तानाबाईने तोंडात पदर कोंबला. बाहेर दानम्माचं सूप थांबलं होतं. हिंदुराव कपाटाकडे, खुर्चीकडे, भिंतीशी रचलेल्या वाकळांच्या चळतीकडे बघत राहिला. कुणी भर बाजारात फसवल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला होता. फसवलं कुणी, हे मात्र त्याला उमगत नव्हतं.

"मग येवढी वर्सं बोलली का न्हाईस?" त्याने हळूच विचारलं.

"आजच तर इचारलंत की."

यात टोमणा नव्हता. खरं होतं ते तिने सांगितलं होतं. भाकरी कालची, कोरडी, घशाखाली उतरेना. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. तानाबाई उठू लागली, पण तिच्या आधी हिंदुराव उठला. पाण्याची लोटी कुठे असते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने चुलीपाशी बघितलं, मोरीपाशी बघितलं, शेवटी माठामागे ती सापडली. ती भरून घेऊन तो बायकोपुढे उभा राहिला.

गोजरबाईने दोन्ही हातांनी लोटी धरली आणि सावकाश, घोट घोट पाणी प्याली. तोवर तो तिथेच उभा राहिला.