हिरवा सोफा आणि गुलनारचं ‘नको’

मी एक जुना, हिरव्या मखमलीचा सोफा आहे. मित्रांनो, माझ्यावर बसायचं असेल तर कडेला बसा. माझी मधली स्प्रिंग टोचते.

हॉलंडमधल्या एका लहान गावात सुताराने मला घडवलं. पहिली वीस वर्षं मी डेल्फ्ट शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे होतो. तिथे माझ्यावर कायम चादर असे आणि मुलांना चढायची बंदी. एका मंगळवारी त्यांनी मला कचऱ्याच्या गाडीसाठी रस्त्यावर ठेवलं. गाडीआधी विद्यार्थी आले. आमच्याकडचे जिने इतके अरुंद की मोठं सामान खिडकीतूनच आत घेतात. घराच्या शेंड्याला त्यासाठी लोखंडी आकडाच असतो. दोराला लटकत, गिरक्या घेत मी त्यांच्या स्वयंपाकघरात पोचलो. पुढे विद्यार्थी बदलत गेले, मी मात्र तिथेच राहिलो.

मला माणसांचे पाय चांगले कळतात. सप्टेंबरात, नवं शैक्षणिक वर्ष सुरू होताना, माझ्यापुढचा एकही पाय स्थिर नसतो. शहरात विद्यार्थी फार, खोल्या थोड्या. घरातली खोली रिकामी झाली की राहणारी मुलं एका संध्याकाळी उमेदवारांना बोलावतात, गप्पा मारतात आणि एकाला निवडतात. बाकीचे पायऱ्या उतरून जातात. ती संध्याकाळ मला कधीच सोसत नाही.

गेल्या वर्षी घरात फेना आणि योस्ट होते. सहा उमेदवार आले. त्यांतली गुलनार इराणमधल्या याझ्द शहरातली. पाण्याचं शास्त्र शिकायला आली होती आणि तीन आठवडे शहराबाहेर विद्यार्थ्यांसाठीच्या तंबूंच्या तळावर राहत होती. शनिवारी तो तळ बंद होणार होता. तोवर खोली मिळाली नाही तर परत ये, असं वडिलांनी बजावलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

योस्ट म्हणाला, “जपून हं. हा सोफा पाहुणे गिळतो.”

ती कशीबशी हसली.

“आम्ही जेवायला बसतोय,” फेना म्हणाली. “बटाटा-गाजर आहे. घेशील?”

“नको, नको. तुम्ही घ्या.”

तिच्या पोटातली गुरगुर माझ्या गादीपर्यंत येत होती. पण फेनाने एकदा विचारलं, उत्तर मिळालं आणि ती आपली जेवू लागली.

“खोली हवी आहे ना तुला?” फेनाने विचारलं.

“तुमची गैरसोय होणार नसेल तर…”

तिच्यानंतर आलेल्या टाइसने दोन ताटल्या संपवल्या आणि म्हणाला, “मला ही खोली हवी. उद्या सामान आणू?”

सगळे गेल्यावर योस्ट म्हणाला, “गुलनार बरी वाटली मला.”

“अरे, तिला खोली नकोच आहे. जेवण नको म्हणाली, खोलीही ‘गैरसोय होणार नसेल तर’. टाइसला कळवते.”

मी आतल्या आत कुरकुरलो. पण सोफ्याच्या कुरकुरीकडे कोण लक्ष देतं?

आमच्याकडे नकार देताना कारणही सांगतात. फेनाने गुलनारला कळवलं, की तू फारशी उत्सुक दिसली नाहीस. दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी, न कळवता, गुलनार दारात उभी. हे इथे फार वाईट दिसतं. फेनाच्या भुवया वर गेल्या.

“काल मी खोटं बोलले,” गुलनार म्हणाली. “मला भूक लागली होती.”

“मग नको कशाला म्हणालीस?”

“आमच्याकडे आधी नकोच म्हणतात. यजमान तीनदा विचारतो. तुम्ही एकदाच विचारलंत.”

योस्टला हसू आवरेना. “फेना, तू तर कुणाला दुसऱ्यांदा पाणीही विचारत नाहीस.”

फेना मात्र हसली नाही. “वाईट वाटतं मला. पण खोली टाइसला दिली. शब्द फिरवणार नाही.”

गुलनार माझ्यावर बसली.  दोन्ही पाय तिने जमिनीवर घट्ट टेकवले.

“मग मला हा सोफा हवा. दुसरी खोली मिळेपर्यंत. शनिवारपासून मला राहायला जागा नाही.”

फेनाने आणखी एक ताटली काढली. “हे काल का नाही सांगितलंस? बरं. पण भांडी तू घासायचीस.”

“घासेन,” गुलनार लगेच म्हणाली.

दुसरी खोली मिळेपर्यंत, सदतीस दिवस, ती माझ्यावर झोपली. पहिले काही दिवस इतकी कूस बदलायची की माझे सांधे दुखले. पण चादरीखालच्या त्या वीस वर्षांतही माझ्या मखमलीला एवढा मान मिळाला नव्हता.

मित्रांनो, तुमच्या वर्गात दुरून कुणी आलं, तर एकदा विचारून गप्प बसू नका. तुम्ही दूर गेलात, तर जे हवं ते सांगायला लाजू नका. आणि आमच्यासारख्या जुन्या सामानाला रस्त्यावर ठेवण्याआधी आजूबाजूला जरा बघा. कुणाला तरी शनिवारपासून जागा नसेल.