गव्हाच्या दाण्याएवढा कल

मी अगदी रिकामा असतो, तेव्हाही माझे डावे पारडे उजव्यापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढे खाली असते. मित्रांनो, मी बालवर्गातला एक जुना लाकडी तराजू आहे. सुताराने घडवले तेव्हा माझी दांडी सरळ होती. पुढे मी टेबलावरून पडलो, डावे पारडे तडकले आणि शिपाईकाकांनी त्याच्या तळाला डिंकाचा जाड थर दिला. तेव्हापासून हा कल आहे.

बाई रोज दोन वस्तू ठेवून विचारत, "जड कोणतं? डावं की उजवं?" मुले माझ्याकडे कमी आणि बाईंच्या चेहऱ्याकडे जास्त पाहत. मग एका सुरात उत्तर येई.

एकच मुलगी बोलत नसे. सगळे तिला गप्पूबाई म्हणत. तिला पुढच्या वर्गात पाठवायचे की पुन्हा इथेच बसवायचे, हे बाईंना ठरवायचे होते. तिची आई रोज दारात विचारी, "बाई, ठरलं का हो?" बाई म्हणत, "बघू, उद्या सांगते." त्यांनाही ते जड जात होते.

एके दिवशी बाईंनी दोन सारख्या गोट्या ठेवल्या. "डावं!" वर्ग ओरडला आणि खेळायला पळाला. गप्पूबाई तिथेच उभी राहिली. बाई तिच्याशेजारी छोट्या खुर्चीत टेकल्या.

"तुला काय दिसतंय गं?" एवढेच त्यांनी विचारले. बाहेर चेंडू भिंतीवर आपटत होता. बाई थांबल्या.

मुलीने दोन्ही गोट्या काढून घेतल्या. "बघा, काहीच नाही, तरी हे खालीच."

"अगं बाई! असं का झालं असेल?"

तिने पारड्याखाली बोट फिरवले. "इथे काहीतरी चिकटलंय. कधीचंच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ते विचारलंच नाही."

बाई हसल्या, पण डोळे पुसतच. "आता काय करूया?"

मुलीने खेळायच्या ओल्या मातीची चिमूटभर गोळी उजव्या पारड्याखाली दाबली. थोडी काढली, पुन्हा लावली. कितीतरी वर्षांनी माझी दांडी सरळ झाली.

मित्रांनो, तुमच्याहून लहान कुणाला काही विचाराल, तेव्हा त्याला बघू द्या आणि जरा थांबा. पारडे स्थिर व्हायलाही वेळ लागतो.

संध्याकाळी आई दारात आली. आज ती विचारण्याआधी बाईच पुढे झाल्या.

"ताई, ठरलं. पुढच्या वर्गात जाणार ती."